पोटाला चिमटा

मराठीत 'पोटाला चिमटा काढणे' म्हणजे खाण्यात काटकसर करून दिवस ढकलणे. हा वाक्प्रचार सगळ्या महाराष्ट्राचा आहे, पण सोलापूर जिल्ह्यात तो जरा जास्तच आपला वाटतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. इथल्या घरांमध्ये दोन-तीन पिढ्या मागे गेलं की कुठल्या ना कुठल्या दुष्काळाची गोष्ट निघतेच. गेल्या पंचवीसेक वर्षांत याच वाक्प्रचाराला एक नवा आणि अगदी शब्दशः अर्थ मिळाला आहे. वजन घटवण्यासाठी जठराला खरोखरचे चिमटे बसतात, धातूच्या बारीक टाचण्यांच्या रांगा मारून ते छोटं केलं जातं. याला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. पूर्वी मुंबई-पुण्यातली वाटणारी ही गोष्ट आता सोलापूरकरांच्या ओळखीपाळखीत पोचली आहे.

या दोन चिमट्यांचा इतिहास सहसा एकत्र सांगितला जात नाही. एक अन्न नसल्याचा, दुसरा अन्न फार झाल्याचा, असं समजून आपण दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण दोन्हीकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. एखाद्याची भूक खरी की खोटी, हे ठरवायचं कोणी?

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. मुंबई इलाख्यातले सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड हे जिल्हे होरपळले. सरकारने कामं काढली. खडी फोडायची, रस्ते आणि तलाव खोदायचे, आणि त्यावर मजुरी घ्यायची. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर पाठवलं. हे टेंपल आधी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य वाटून बसले होते आणि त्याबद्दल त्यांना बरीच बोलणी खावी लागली होती. या वेळी त्यांनी ती कसर भरून काढली. मोठ्या माणसाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली गेली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या हिशेबाने त्यातून पंधरा-सोळाशे कॅलरी मिळतात. एवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची होती.

या दरामागे कुठलंही वैद्यकीय गणित नव्हतं. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी हे तेव्हाच सांगितलं आणि दीड पौंडाचा आग्रह धरला. पुढे मद्रास सरकारला दर वाढवावा लागला. पण मला टेंपल यांच्या आकड्यापेक्षा त्यामागचा विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. मजुरी पोटभर दिली तर ज्यांना गरज नाही तेही येतील, म्हणून ती मुद्दाम अपुरी ठेवायची. कामं घरापासून दूर ठेवायची, म्हणजे जो खरोखर भुकेला आहे तोच चालत येईल. याला 'अंतराची कसोटी' असं नावच होतं. भुकेल्या माणसावर सरकारचा पहिला संशय हा की हा ढोंगी किंवा आळशी असणार. ते तसं नाही हे त्याने स्वतःच्या अंगाने सिद्ध करायचं.

लोकांनी त्यावर काय केलं, हे शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत होती. तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त धान्य मिळतं, हा मुद्दाही त्या काळी मांडला गेला.

आणि ही गोष्ट कुठल्या मुलखात घडत होती? ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांची कथा पाचशे वर्षं सांगितली जाते तिथे. दुष्काळात बादशहाची कोठारं न विचारता उघडली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने जाऊन त्याचे पैसे भरले, ही ती कथा. ती इतिहास म्हणून किती खरी हा वेगळा विषय. पण तिच्यात दामाजीपंत दारात आलेल्यांना तू किती कोसांवरून चालत आलास, असं विचारत नाहीत.

*

आता मधली सदुसष्ट-अडुसष्ट वर्षं ओलांडून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जाऊ. नोव्हेंबर १९४४. युरोपात युद्ध संपत आलेलं, लाखो लोक अर्धपोटी. त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं याची माहिती कोणाकडेच नव्हती. म्हणून ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ तरुण घेतले. हे सगळे सैन्यात जायला नकार दिलेले शांततावादी, स्वतःहून आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. रोजचं अन्न साधारण १५७० कॅलरी.

हा आकडा टेंपल यांच्या एका पौंडाच्या जवळ येतो, हा निव्वळ योगायोग आहे. पण फार बोलका योगायोग आहे. या तरुणांचं वजन साधारण एक चतुर्थांश घटलं, हे तर अपेक्षितच होतं. त्यांच्या मनाचं जे झालं ते अपेक्षित नव्हतं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटल्या चाटू लागले. चिडचिडे, उदास झाले. प्रयोगानंतर हवं तितकं खायला मिळाल्यावर काहींची खा-खा काही केल्या शमेना, आणि अंगावर चरबी आधी होती त्यापेक्षा जास्त चढली. ही माणसं इच्छाशक्तीत कमी नव्हती. युद्धाच्या काळात, सगळा देश विरोधात असताना, बंदूक हातात घ्यायला नाही म्हणालेली माणसं होती ती.

कीज यांनी हे सगळं १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापलं. डाएट करणाऱ्याला डोळ्यांसमोर जेवणच का दिसत राहतं, कमी केलेलं वजन व्याजासकट का परत येतं, याचं निम्मं उत्तर त्यात होतं. पण ते पुस्तक उपासमारीचं म्हणून कपाटात गेलं आणि लठ्ठपणाच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं 'तोंडावर ताबा ठेवा' हाच सल्ला दिला. यातली गंमत अशी की वजन आणि उंचीच्या ज्या गुणोत्तराने आज माणसाचा लठ्ठपणा मोजतात, ते मूळचं बेल्जियन गणिती केटले यांचं असलं तरी 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ मध्ये याच कीज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं.

आणि वजन घटवण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियांपैकी एक झाली तीही मिनेसोटातच. १९५४ मध्ये क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळला. अन्न पोटात जाईल, पण अंगी लागणार नाही, अशी युक्ती. वजन उतरायचं. पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मुतखडे आणि यकृत निकामी होणं हेही यायचं. बऱ्याच रुग्णांचं आतडं पुन्हा जोडावं लागलं. आजही घरातली वडीलधारी माणसं 'पोट कापून घेतात म्हणे' असं दचकून म्हणतात, तेव्हा त्या भीतीला इतिहासात आधार आहे. पहिल्या पिढीच्या या शस्त्रक्रिया खरोखरच वाईट होत्या.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांना सापडली, तीही अल्सरच्या रुग्णांमधून. तेव्हा अल्सरवर जठराचा भाग कापून काढत. अशा रुग्णांचं, विशेषतः बायकांचं, वजन नंतर वाढतच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. अल्सरच्या रुग्णात जो दुष्परिणाम होता तोच लठ्ठ माणसात उपचार ठरला तर? १९६६ मध्ये त्यांनी जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हीच गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात. मेसन शंभर वर्षं जगले, २०२० च्या अखेरीस गेले, आणि आपल्या हयातीतच त्यांनी या शाखेचा जनक ही पदवी ऐकली.

जठर शिवण्यासाठी जे टाचणीयंत्र लागतं त्याचा प्रवासही लांबचा आहे. बुडापेस्टमध्ये १९०८ साली हुल्टल नावाच्या शल्यविशारदाने ते पहिल्यांदा वापरलं, सोव्हिएत डॉक्टरांनी ते सुधारलं आणि १९५८ मध्ये तिकडे गेलेले मार्क रॅविच हे अमेरिकी डॉक्टर ते पाहून भारावले. शीतयुद्धाच्या भरात सोव्हिएत टाचण्या अमेरिकी पोटांपर्यंत पोचल्या त्या अशा.

*

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची वाट दुर्बिणीतून आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोटात पाहून निदान करत होते. १९९० मध्ये तिथेच त्यांनी भारतात प्रथमच दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पोट उभं फाडायच्या ऐवजी चार-पाच छोटी भोकं. लठ्ठ माणसाच्या बाबतीत हा फरक जीवघेणा होता, कारण चरबीच्या जाड थरातली मोठी जखम चिघळायची, उसवायची. दुर्बिणीशिवाय बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया आपल्याकडे इतकी पसरलीच नसती. २००२ मध्ये ही शस्त्रक्रिया करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

महाराष्ट्रातल्या घराघरांत मात्र ही गोष्ट डॉक्टरांमुळे नव्हे, राजकारणामुळे पोचली. सप्टेंबर २०११ मध्ये तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेले नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. बातम्या झाल्या, विनोद झाले, व्यंगचित्रं झाली. पण मधुमेह असलेला, सतत प्रवासात असलेला आपल्यातलाच एक माणूस उघडपणे हे करतो म्हटल्यावर अनेकांनी डॉक्टरांना पहिल्यांदा विचारलं. मग २०१७ उजाडलं. अलेक्झांड्रियाहून पाचशे किलोच्या म्हटल्या जाणाऱ्या एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणलं, तिला क्रेनने खोलीत चढवतानाची दृश्यं वाहिन्यांनी दिवसभर दाखवली. शस्त्रक्रिया झाली, मग नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यातला वाद जाहीर झाला, ती अबू धाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथे वारली. त्याच फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका जाडजूड पोलिसाचा फोटो टाकून एका नामवंत लेखिकेने बंदोबस्ताची थट्टा केली. तो मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला होता, आणि वजन आजारामुळे वाढल्याचं त्याने सांगितलं. पुढे त्याचीही शस्त्रक्रिया झाली. लठ्ठ माणसाचं शरीर म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, ज्याला वाटेल त्याने त्यावर शेरा मारावा, हे त्या एका महिन्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचितच दिसलं असेल.

माझी स्वतःची शस्त्रक्रिया त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात झाली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवायची. ही मूळची फार मोठ्या वजनाच्या रुग्णांसाठी बायपासच्या आधीची पहिली पायरी होती. पण पहिल्या पायरीवरच वजन इतकं उतरलं की अनेकांना दुसरीची गरज उरली नाही, आणि आता जगात सगळ्यात जास्त होते ती हीच. माझं वजन तेव्हा ११८ किलो होतं. सांगोल्याकडच्या माझ्या आजीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही दुष्काळात पोटाला चिमटा काढला. तू पैसं देऊन काढून घेतलास व्हय?"

आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या चवी तिला शेवटपर्यंत आठवत होत्या. मिलोची भाकरी थापताना फाटायची, हे ती दर वेळी नव्याने सांगायची. त्या दुष्काळात राज्याने मागेल त्याला काम दिलं आणि त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. टेंपलच्या कसोटीला शंभर वर्षांनी याच दख्खनने दिलेलं ते उत्तर होतं, असं मला वाटतं. पण आजीच्या हिशेबात अन्न नाकारणं हा गुन्हाच होता. ताटात टाकायचं नाही, दारातून उपाशी पाठवायचं नाही, आणि पाहुण्याने नको म्हटलं तरी एक भाकरी वाढायचीच.

दुष्काळी मुलखाच्या भाषेतच हे मुरलेलं आहे. आपल्याकडे बाळ 'बाळसं धरतं', मुलगी 'खात्यापित्या घरची' दिसते, पगार 'लठ्ठ' असतो. सडपातळ माणसाला 'अंगावर तोळाभर मांस नाही' म्हणून हिणवतात. चरबी ही शिल्लक होती, आणि शिल्लक असणं चांगलंच. या भाषेने आपल्याला लहानपणी भरवलं आणि पंचविशीनंतर तीच भाषा उलटली. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे मला चारचौघांत, हसत हसत, नातेवाइकांनी किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही.

*

शस्त्रक्रियेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की जठर छोटं केलं म्हणून माणूस कमी खातो. म्हणजे पुन्हा चिमटाच, फक्त कायमचा. शल्यविशारदांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. खरं उत्तर उशिरा आणि तुकड्यातुकड्यांत आलं.

१९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीस यांनी आपल्या बायपास रुग्णांचा हिशेब छापला. वजनापेक्षा मोठी बातमी मधुमेहाची होती. बहुतेकांची साखर पूर्ववत झाली होती, आणि वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत. हे नुसत्या छोट्या पोटाने होणं शक्य नव्हतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून रक्तात जाणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. हे वाढलं की भूक लागते. २००२ मध्ये डेव्हिड कमिंग्ज यांनी दोन प्रकारच्या माणसांचं घ्रेलिन मोजलं. ज्यांनी डाएटने वजन घटवलं होतं त्यांचं घ्रेलिन वाढलेलं होतं. बायपास झालेल्यांचं मात्र फारच कमी होतं. अभ्यासातली माणसं मोजकी होती, आणि बायपासबाबत पुढचे आकडे सगळीकडे सारखे आले नाहीत. स्लीव्हमध्ये मात्र घ्रेलिन तयार करणारा जठराचा भागच निघून जातो. शिवाय पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातली संप्रेरकं दोन्ही शस्त्रक्रियांनंतर वाढतात.

मिनेसोटाचे तरुण ताटल्या का चाटत होते, याला इथे रासायनिक उत्तर मिळतं. वजन घटलं की शरीर भूक वाढवतं. ते शरीराचं काम आहे, त्याला तुमच्या लग्नाची तारीख कळत नाही. शस्त्रक्रिया हा चिमटा नाहीच. ती भुकेचा आवाज कमी करते.

हे मला पुस्तकातून नंतर कळलं, अंगाला आधी कळलं. पहिले सात-आठ महिने मला भूकच लागली नाही. घड्याळ पाहून जेवायचं. आयुष्यभर जी गोष्ट माझा दोष म्हणून मला सांगितली गेली होती, ती एका सकाळी नाहीशी झाली, आणि त्यात माझं कर्तृत्व काडीचं नव्हतं. मी काही रातोरात संयमी झाले नव्हते. आनंद झालाच, पण खूप रागही आला. कोणावर काढायचा हे न कळणारा राग.

भूक गेली तरी जेवणाभोवतालचं जग होतं तसंच राहतं. सोलापुरी जेवणाची गाठ या नव्या जठराशी घालून देणं सोपं नाही. ज्वारीची भाकरी घशाखाली उतरते आणि तिथेच बसून राहते. कडक भाकरी तर पहिलं वर्षभर नुसती बघायची. मी भाकरीचा पापुद्रा काढून, वरणात मऊ करून, वीस-वीस वेळा चावून खायला शिकले. जेवताना पाणी प्यायचं नाही, कारण पाण्यानेच जागा भरते. आधी प्रथिनं, मग बाकीचं, हा नियम. घरात मांस-अंडी नसतील तर रोजची साठेक ग्रॅम प्रथिनं कुठून आणायची हा खरा प्रश्न होतो. शेंगाचटणी चमच्यावर येते, पण तेलाने पोट गच्च होतं. डाळ पातळ असते. ताक, पनीर, सोयाबीन आणि डब्यातली पावडर यांच्यावर दिवस काढावे लागतात. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. ते परत येतात, पण तेव्हा कोणी सांगितलं तर पटत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यायचं आणि वर्षातून एकदा रक्त तपासायचं. गावाकडच्या अनेकांचं इथेच चुकतं. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते, तपासणीला दर वर्षी तिकडे जाणं होत नाही, आणि 'आता तर बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सुटतात. सतत उलट्या होत असतील आणि बी-१ कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो, ही माहिती डिस्चार्जच्या कागदावर असते, जो कागद पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत जातो.

बायपास झालेल्यांना आणखी एक शिक्षा असते. गोड पटकन आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर, पोटात कळ. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्येही कधीकधी होतं. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, एका नातेवाइकांकडे आग्रहाने खाल्लेल्या अर्ध्या शेंगापोळीनंतर मी त्यांच्या मागच्या खोलीत तासभर आडवी होते. बाहेर पंगत चालू होती. 'एवढीशी तर पोळी' हे बाहेरून ऐकू येत होतं.

वजन कायमचं खाली राहतं असंही नाही. माझं ७८ पर्यंत उतरलं, आता ८५ च्या आसपास आहे. साधारण असंच होतं, तळाला टेकून थोडं वर येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाठपुरावा झाला. तिथेही आलेख असाच आहे. तरीही २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत या गटात मृत्यू कमी होते. आरशात बघून या शस्त्रक्रियेचा निकाल लावणं म्हणूनच चूक आहे. सैल कातडी लोंबते, साडीत लपते. साखरेच्या गोळ्या बंद होतात, ते कोणाला दिसत नाही.

*

दुष्काळ आणि लठ्ठपणा यांच्यात सरळ रेघ ओढायचा मोह होतो. खापरपणजी उपाशी राहिली, तिच्या शरीराने साठवायला शिकलं, म्हणून आज मी अशी. गोष्ट म्हणून छान आहे, पण इतकं कोणी सिद्ध केलेलं नाही. त्याच्या जवळचं जे सिद्ध झालं ते आपल्या शेजारी पुण्यात झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी मात्र त्यामानाने टिकून होती. म्हणजे वरून कृश, आतून लठ्ठ. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश मित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

बीएमआयच्या एकाच आकड्याने सगळ्या जगाला मोजणं किती फसवं आहे, हे त्या एका फोटोने सांगितलं. आजच्या महाराष्ट्रात, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, साधारण पाचातली एक बाई वजनाने कमी आहे आणि त्याहून किंचित जास्त बायका प्रमाणाबाहेर वजनाच्या आहेत. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात.

म्हणून आकडा कुठे ठेवायचा याला महत्त्व येतं. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलं की बीएमआय ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखे आजार असतील तर ३५ च्या वर असेल तर शस्त्रक्रिया करावी. आशियाई शरीराचा विचार करून इथल्या डॉक्टरांनी तो ३७.५ आणि ३२.५ वर आणला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ ची मर्यादा बदलून आणखी खाली नेली. विम्याचं मात्र वेगळं आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये जी प्रमाण कलमं लागू केली, त्यांत अमेरिकेचे १९९१ चे आकडेच आहेत, ४० आणि ३५. म्हणजे डॉक्टरच्या मते पात्र असलेला माणूस विम्याच्या मते पुरेसा लठ्ठ नाही, असं सहज घडतं. आणि तो आकडा गाठलेला असला तरी आजारांसाठी आणखी एक अट आहे. वजन घटवण्याचे कमी त्रासाचे उपाय आधी करून ते फसलेले असले पाहिजेत.

हे कलम मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला खडी फोडायला दहा-दहा मैल चालत जाणारी माणसं आठवली. २०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली, आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करणारी. शस्त्रक्रियेने जो आवाज कमी होतो तोच औषधाने कमी करणारी. बंद केली की भूक परत येते, वजनही बरंचसं येतं. त्यांचा खर्च महिन्याचा, शस्त्रक्रियेचा काही लाखांचा, एकदम.

ओळखीतून कोणी कोणी मला फोन करतं. गेल्या महिन्यात अक्कलकोटकडच्या एकीचा आला. वय ३९, साखर, गुडघे, रात्री घोरताना श्वास अडकतो. विम्यासाठी कागद जमवत होती. आहारतज्ज्ञाकडे गेल्याची चिठ्ठी आहे, पण ती एकच. जिमची पावती सापडत नाही. सहा महिने नुसत्या मुगाच्या पाण्यावर काढले होते, अकरा किलो उतरले, चौदा परत आले, पण त्याचा कागद कुठून आणायचा, असं ती विचारत होती. मी तिला सांगितलं की त्या काळातले दवाखान्याचे जुने केसपेपर शोध, त्यावर वजन लिहिलेलं असतं.